सडलेला पत्रा आणि सोळा अँपिअरचा सॉकेट : घरच्या गाडीसाठी वेल्डिंग मशीन निवडताना

रविवार, १० नोव्हेंबर २०२४

जागा ठाण्यातलं बाळकूम, घरामागची पत्र्याची शेड. गाडी मारुती ८००, २००४ची, एमपीएफआय, म्हणजे पेट्रोल इंजेक्शनची. इंजिन ठणठणीत आहे, दुखणं पत्र्याचं आहे.

आज पुढच्या सीट काढून कार्पेट उचललं. ड्रायव्हरच्या पायाखालचा डांबरी पॅड पटाशीने खरवडला, तर खाली पत्राच नाही, थेट शेडचा कोबा दिसतो. भोक तळहाताएवढं आहे. पण कडेकडेने टोकदार हातोडीने ठोकत गेलो तसा आवाज बदलत गेला, आणि चांगला पत्रा लागेपर्यंत भोक जेवणाच्या ताटाएवढं झालं. पुढच्या काचेचं रबर कोपऱ्यात गळतं. ते पाणी कार्पेटखाली साचतं आणि दिवाळीपर्यंत वाळत नाही. डाव्या रनिंग बोर्डाची, म्हणजे दाराखालच्या पट्टीची, गतही तीच. जॅक लावायच्या जागेपाशी अंगठ्याने दाबलं की पत्रा आत जातो.

कापूरबावडीच्या एका डेंटिंगवाल्याला दाखवलं. त्याचा तोडगा असा : वरून पत्रा ठेवायचा, पॉप रिव्हेट मारायचे, अंडरकोटचे दोन हात. म्हणजे गंज आत तसाच, वर डांबराचं पांघरूण. नको म्हटलं.

बरेच दिवस घोळत असलेला विचार आता पक्का केला, घरी स्वतःचं मशीन घ्यायचं. फक्त गाडीसाठी नाही. फाटकाची बिजागरी तुटली आहे, बाबांच्या लोखंडी घडवंचीचा पाय निखळला आहे, बुलेटचं फूटरेस्ट ब्रॅकेट चिरलं आहे, तिच्या ॲल्युमिनियमच्या क्लच कव्हरलाही केसासारखी चीर आहे. तरी पहिलं काम पत्र्याचं, आणि मशीन आधी त्यात पास व्हायला हवं.

शनिवार, १६ नोव्हेंबर

कामावरून आल्यावर मशीनची माहिती चाळली. कॅटलॉगात काही का लिहिलेलं असेना, आपल्याकडच्या वर्कशॉपमध्ये तीन नावं चालतात : रॉडवालं, सीओटूवालं आणि आर्गॉनवालं. रॉडवालं म्हणजे स्टिक, हातात धरलेला रॉडच वितळत जातो. सीओटू म्हणजे मिग, रिळावरची बारीक वायर हातातल्या टॉर्चमधून आपोआप सरकत वितळते आणि भोवती गॅसचं आवरण. आर्गॉन म्हणजे टिग, न वितळणाऱ्या टंगस्टनच्या सुईने. हल्ली एकाच डब्यात तिन्ही देणारी इन्व्हर्टर मशीन (जड ट्रान्सफॉर्मरऐवजी इलेक्ट्रॉनिक सर्किटवाली) पंधरा ते वीस हजारांत मिळतात. जाहिरातीत ‘थ्री इन वन’ मोठ्या अक्षरात असतं आणि त्याच्या शेजारी २००, २५०, ३०० असला अँपिअरचा आकडा त्याहून मोठ्या अक्षरात.

आकडा मोठा तर मशीन दणकट, असं कुणालाही वाटेल. पण ८००चा तळपत्रा जेमतेम ०.७ ते ०.८ मिलिमीटर जाडीचा. ढोबळ हिशेब मिलिमीटरला ३५ ते ४० अँपिअर असा धरतात, म्हणजे मला लागणार ३० च्या आसपास, फार तर ५०. बुलेटचं ब्रॅकेट ३ मिलिमीटर, त्याला १०० ते १२० पुरतात. २५० अँपिअर लागेल असं काम आमच्या शेडमध्ये कधी येणारच नाही.

त्यामुळे शोध उलटा करायचा ठरवलं. मशीन वर कुठवर जातं ते नंतर बघू. आधी ते खाली किती उतरतं आणि तिथे टिकतं का, हे बघायचं.

बुधवार, २० नोव्हेंबर

विधानसभेच्या मतदानाची सुट्टी. सकाळी मत देऊन आलो आणि उरलेला दिवस विजेच्या हिशेबात गेला. मशीनआधी वीज बघितली ते बरं झालं, कारण निवडीवर खरी मर्यादा तिचीच पडते.

शेडमध्ये एकच सॉकेट आहे, १६ अँपिअरचा. घरातून शेडपर्यंत २० मीटर वायर, दीड चौरस मिलिमीटरची. सॉकेटवर मल्टिमीटर लावला : दुपारी २२६ व्होल्ट, संध्याकाळी सातला २११. इस्त्री आणि ग्राइंडर एकदम चालू केल्यावर २०० च्या खाली.

मशीन भिंतीतून किती ओढणार, हे काढता येतं. चाचणीच्या मानकात मिगसाठी कामाचा व्होल्टेज ठरलेला असतो : १४ अधिक अँपिअरच्या ०.०५ पट. रॉडसाठी २० अधिक ०.०४ पट. म्हणजे मिगवर २०० अँपिअरला २४ व्होल्ट, ४,८०० वॉट. कार्यक्षमता ८५ टक्के आणि पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतला कामी येणारा हिस्सा) ०.७ धरला (स्वस्त इन्व्हर्टरमध्ये याहून बरा नसतो), तर २३० व्होल्टवर जवळजवळ ३५ अँपिअर झाले. घरच्या सॉकेटला हे झेपणारं नाही. मिगवर ९० अँपिअरला भिंतीतून १२ च्या आसपास जातात आणि ५० ला साधारण ६. रॉडवर ९० चालवले तर १५-१६ होतात, म्हणजे सॉकेटची सीमा तिथेच गाठली.

तेव्हा पत्र्याचं काम आहे त्या सॉकेटवरही निभेल. अडचण जाड कामाची, तीही वायरमुळे. दीड चौरस मिलिमीटरच्या २० मीटर वायरीचा जाऊन-येऊन रोध ०.४६ ओहम भरतो. १५ अँपिअर गेले की सात व्होल्ट वायरीतच खर्च, आणि वायर गरम होते ती वेगळी. चार चौरस मिलिमीटरची टाकली तर तोटा अडीच व्होल्टवर येतो.

इलेक्ट्रिशियनला सांगून ठेवलं : मुख्य बोर्डापासून स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटरची वायर, २० अँपिअरचा सी-कर्व्ह एमसीबी (क्षणिक झटका सोसणारा, पण भार वाढला की पडणारा स्विच) आणि आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा). बी-कर्व्ह लावला तर मशीन चालू करतानाच्या झटक्यालाच तो पडतो. एमसीबी पडतो म्हणून ३२ चा बसवून टाकायचा, हा उपाय ठाण्यात बऱ्याच शेडमध्ये दिसतो. त्याने एमसीबी पडायचा थांबतो आणि भिंतीतली वायर जळायला लागते. वायर आधी वाढवायची, मग एमसीबी. महावितरणच्या बिलावरचा मंजूर भारही तपासला. गीझर बंद ठेवून पुरेसा आहे.

रविवार, २४ नोव्हेंबर

मामांना बरोबर घेतलं. मामा वागळे इस्टेटमधल्या एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात अख्खी नोकरी करून निवृत्त झाले. ॲडॉर वेल्डिंगचं पूर्वीचं नाव ॲडवानी-ओर्लिकॉन. मामा अजून रॉडच्या पुड्याला ‘ओर्लिकॉन’च म्हणतात, पुडा कुठल्याही कंपनीचा असो.

एका मोठ्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलाने लाल रंगाचं मशीन पुढे सरकवलं.

“साहेब, अडीचशेचं आहे. लोखंड, स्टील, ॲल्युमिनियम, सगळं जोडतं.”

मामांनी मशीनच्या दर्शनी भागाकडे बघितलंसुद्धा नाही. ते फिरवून चष्मा कपाळावर सरकवला आणि पाठीवरची पट्टी वाचायला घेतली. “अरे, हे वाच,” मला म्हणाले. पट्टीवर मिगच्या ओळीत होतं : ५० अँपिअर/१६.५ व्होल्ट ते १६० अँपिअर/२२ व्होल्ट. अडीचशे फक्त पुढच्या स्टिकरवर. खालची हद्द पन्नास, म्हणजे माझं काम जिथे संपतं तिथून या मशीनची सुरुवात.

“आणि टिगवर ॲल्युमिनियम कसं करणार रे बाळा? हे डीसी आहे.”

मुलगा हसला आणि दुसरं मशीन काढायला आत गेला.

पट्टी वाचायची कशी, हे मामांनी रस्त्यावर चहाच्या टपरीवर समजावलं. ‘एक्स’च्या पुढचे टक्के म्हणजे ड्युटी सायकल. हिशेब दहा मिनिटांचा असतो. ६० टक्के म्हणजे सहा मिनिटं जोडकाम, चार मिनिटं विश्रांती. मानकाप्रमाणे हे ४० अंश तापमानाला मोजायचं. काही पट्ट्यांवर बारीक अक्षरात २० किंवा २५ अंश लिहिलेलं असतं. तसले टक्के ठाण्यातल्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली कामाचे नाहीत. एका करंटचे टक्के कळले की बाकीचे काढता येतात, करंटच्या वर्गाच्या उलट प्रमाणात. २०० अँपिअरला ३० टक्के असेल तर १४१ ला ६० टक्के आणि ११० ला अखंड. माझं काम पन्नासच्या आतलं, तेही तुटक टाक्यांचं. ड्युटी सायकलवर जादा पैसे टाकायची मला गरज नाही, हा निकाल तिथेच लागला.

दुसऱ्या दुकानात तिसऱ्या मशीनवर हवी ती ओळ सापडली : ३० अँपिअर/१५.५ व्होल्ट ते २०० अँपिअर/२४ व्होल्ट, ३० टक्के, ४० अंशाला. लगेच घेतलं नाही. मॉडेल लिहून घेतलं.

ईसाब कंपनीचं एक मल्टिप्रोसेस मशीन तिथेच काचेत होतं. वायर सरकवायची यंत्रणा अख्खी धातूची, हातात घेतल्यावर सोडवत नाही. किंमत माझ्या बजेटच्या बरीच बाहेर. रोज त्यावर पोट असेल त्याने जरूर घ्यावं.

बुधवार, २७ नोव्हेंबर

जुन्या मालाचाही विचार झाला. वागळेत एका बंद पडलेल्या गाळ्यातलं जुनं ट्रान्सफॉर्मरवालं सीओटू मशीन किलोच्या भावात मिळत होतं. नाद सोडला. ते थ्री फेजवर, ४१५ व्होल्टवर चालतं, आणि आमच्या घरी सिंगल फेज. शिवाय उचलायला चौघं लागतील.

शनिवार, ३० नोव्हेंबर

आज गॅस. या प्रकरणात तीन-एक दुकानदारांनी तीन वेगवेगळी उत्तरं दिली, म्हणून नीट लिहून ठेवतो.

शुद्ध सीओटू सगळ्यात स्वस्त आणि कुठेही भरून मिळतो. जाड लोखंडात खोल जातो. पण आर्क (वायर आणि पत्रा यांमधली विजेची ज्योत) जरा उग्र असतो, वितळलेल्या धातूचे छर्रे फार उडतात आणि त्याच वायरीला एक-दीड व्होल्ट जास्त द्यावे लागतात. पातळ पत्र्यावर तेवढीच जादा उष्णता भोक पाडायला पुरते. ८० टक्के आर्गॉन आणि २० टक्के सीओटूचं मिश्रण महाग आहे, पण कमी व्होल्टला आर्क शांत राहतो. टिगला यातलं काहीच चालत नाही. तिथे शुद्ध आर्गॉनच लागतो, सीओटूचा अंश जरी आला तरी टंगस्टनची सुई जळते.

म्हणजे ‘थ्री इन वन’ मशीनवर तिन्ही कामं करायची तर सिलिंडर दोन, रेग्युलेटर दोन, आणि दुसऱ्या सिलिंडरला शेडमध्ये जागा. हे जाहिरातीत कुठेच नसतं. आणि एवढं करूनही टिगवर ॲल्युमिनियम होणार नाहीच. ॲल्युमिनियमवर जो ऑक्साइडचा थर असतो तो फोडायला टिगमध्ये एसी करंट लागतो, आणि एसी टिगची मशीन वेगळी आणि दामदुप्पट. माझ्या क्लच कव्हरचं काम या बजेटमधलं कुठलंच मशीन टिगवर करणार नाही.

टिगवर फुली मारली. मशीनला असेल तर असू दे, त्यासाठी एक रुपया जास्त देणार नाही.

सिलिंडरचा हिशेब : १० लिटर पाणी मावेल एवढा सिलिंडर १४० बारला भरला की गॅस साधारण १,४०० लिटर. मिनिटाला १० लिटर सोडला तर आर्क चालू असल्याची १४० मिनिटं. टाक्याटाक्याने काम करणाऱ्याला हे पुष्कळ आहे. मोठा ४७ लिटरवाला लिटरमागे स्वस्त पडतो, पण स्कूटरवर येत नाही आणि एकट्याला हलत नाही. लहान घ्यायचा. घेताना खांद्यावर ठोकलेली हायड्रो टेस्टची तारीख बघायची. आर्गॉनच्या सिलिंडरला ती दर पाच वर्षांनी करावी लागते. तारीख उलटली असेल तर भरून देणारा पुढच्या वेळी तो परत करतो आणि टेस्टचा खर्च आपल्या गळ्यात येतो.

रविवार, १ डिसेंबर

“गॅसची कटकटच नको, फ्लक्सवाली वायर वापर,” असा सल्ला अनेकांनी दिला. शेजारच्या आळीतल्या दादांकडे एक किलोच्या रिळाचं छोटं गॅसलेस मशीन आहे. ते मागून आणलं आणि फाटकाच्या जुन्या पट्टीवर चालवून बघितलं.

जाड पट्टीवर मस्त चाललं. उघड्यावर वारा होता तरी काही फरक पडला नाही. खाडीकडून वारा सुटला की गॅसचं आवरण उडून जातं आणि टाक्यात बारीक भोकं राहतात. या वायरीला ती भीती नाही, कारण तिचं आवरण वायरीच्या पोटातल्या फ्लक्समधूनच तयार होतं. पण मग ८०० च्या कापलेल्या तुकड्यावर लावली. धूर, स्लॅग (फ्लक्सची मळी), सगळीकडे छर्रे, आणि दुसऱ्या टाक्याला भोक. मशीनवर करंट कमी-जास्तला दोनच पायऱ्या होत्या आणि कमीवाली पायरीही या पत्र्याला जास्त होती.

शेतावरच्या दुरुस्तीला, फाटकाला, जाळीला ही वायर चांगली. गाडीच्या पत्र्याला नाही. मात्र एक अट यादीत वाढली : निवडलेल्या मशीनवर पोलॅरिटी बदलता आली पाहिजे. गॅसवर साध्या वायरीला टॉर्च प्लसला लागते, फ्लक्सवाल्या गॅसलेस वायरीला मायनसला. काही मशीनमध्ये टॉर्च आतूनच एका टोकाला पक्की जोडलेली असते. पुढे कधी उघड्यावर काम निघालं तर तिथे अडायला होतं.

मंगळवार, ३ डिसेंबर

अटी पक्क्या केल्या. खालची हद्द ३० अँपिअर, पट्टीवर लिहिलेली. व्होल्टेज आणि वायरीचा वेग दोन वेगळ्या बटणांवर. पोलॅरिटी बाहेरून बदलता यावी. टॉर्च युरो कनेक्टरची, कारण तीच आधी झिजते आणि बाजारात कुठलीही बसते. पाच किलोचं रीळ मावावं. वायर सरकवणारा रोलर ०.८ मिलिमीटर वायरीच्या ‘व्ही’ खाचेचा. सुटे भाग ठाण्यात किंवा मुंबईच्या नागदेवी बाजारात मिळावेत. बाकी डिजिटल पडदा, सिनर्जिक (सेटिंग आपोआप जुळवणं), ‘पल्स’चं स्टिकर असलं काही असेल तर ठीक, नसेल तरी ठीक.

०.६ ची वायर पातळ पत्र्याला आणखी सोपी पडते. शोधली, पण आसपास सगळीकडे ०.८ च ठेवतात. जे हाताशी मिळतं त्यावरच सेटिंग बसवायचं.

शनिवार, ७ डिसेंबर

खरेदी झाली, तेच २४ तारखेला लिहून ठेवलेलं मॉडेल. घेण्याआधी दुकानातच मामांनी सर्वात खालच्या सेटिंगला एका पातळ पट्टीवर चालवायला लावलं. दुकानदार कुरकुरला, पण मामांचं वय बघून तयार झाला. आर्क लगेच धरला, अडखळला नाही.

खर्च : मशीन १८,५००. भरलेला १० लिटरचा सिलिंडर ६,५००. फ्लोमीटरचा रेग्युलेटर १,८००. आपोआप काळी होणाऱ्या काचेचं हेल्मेट १,६००. गॅसवरची साधी वायर (ईआर ७० एस-६), ०.८, पाच किलो, ८५०. वायरिंग, एमसीबी, सॉकेट मिळून २,२००. हातमोजे, टिपा, क्लॅम्प ९००. एकूण ३२,३५०. ‘अठरा हजारांचं मशीन’ म्हणून घरात मंजुरी घेतली होती. बाकीचा आकडा आईला टप्प्याटप्प्याने सांगतोय.

सिलिंडर घरी कसा आणायचा यावर मामा कडक होते. बंद गाडीत आडवा नाही, व्हॉल्व्हवर टोपी असल्याशिवाय नाही. छोट्या टेम्पोत उभा बांधून आणला. शेडमध्ये खांबाला साखळीने बांधलाय.

रविवार, १५ डिसेंबर

अख्खा दिवस सरावाच्या तुकड्यांवर गेला. २० गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा आणला, ०.९ मिलिमीटर. मूळ पत्र्यापेक्षा किंचित जाड, पण जोडायला सोपा. गॅल्व्हनाइज्ड मुद्दाम घेतला नाही. जस्ताच्या धुराने रात्री थंडी वाजून ताप येतो, मामांच्या कारखान्यात तो नेहमीचा होता.

वायरीचा वेग डायलवरच्या आकड्यावरून कळत नाही. मामांची पद्धत : गॅस बंद, टॉर्चची टिप हवेत, सहा सेकंद बटण दाबून धरायचं, बाहेर आलेली वायर मोजायची, दहाने गुणायचं. २५ सेंटिमीटर आली तर मिनिटाला अडीच मीटर. ०.८ च्या वायरीला म्हणजे साधारण ५० अँपिअर.

१५.५ व्होल्ट, गॅस ९ लिटर. टिपेतून वायर ८-१० मिलिमीटर बाहेर. पहिल्या तुकड्यांवर वायर पत्र्याला ढोसत होती, हाताला ठोके जाणवत होते. वेग थोडा उतरवून अडीच मीटरवर आणला तशी एकसारखी बारीक तडतड सुरू झाली. हेल्मेटच्या काचेतून दिसलं ते असं : आधी दोन्ही कडा लाल होतात, मध्ये ज्वारीच्या दाण्याएवढं चकाकतं डबकं तयार होतं, ते पसरून दोन्ही काठांना भिजवतं आणि मधोमध किंचित खाली बसतं. बोट तिथे सोडायचं. अर्धा सेकंद उशीर झाला की डबकं खाली गळतं आणि पलीकडचा उजेड दिसतो.

मागे तांब्याची जाड पट्टी क्लॅम्प केल्यावर काम खूप सोपं झालं. तांबं उष्णता ओढून घेतं आणि टाका त्याला चिकटत नाही.

मग मामांनी परीक्षा घेतली. दोन पट्ट्या एकावर एक ठेवून खालच्या पट्टीला आरपार टाके मारले. वरच्या पट्टीला आधी ड्रिलने भोकं पाडून ती भरायची. कारखान्यात गाडीला स्पॉट वेल्ड असतात, त्यांची जागा घरी हे घेतात. मग एक पट्टी शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरली आणि दुसरी पकडीने सोलत गेलो. पहिल्या नमुन्यात टाका खालच्या पट्टीवरून बटणासारखा सुटून आला. म्हणजे वरून छान, खाली धरलेलंच नाही. अर्धा व्होल्ट वाढवला आणि आर्क भोकाच्या मध्यावर, खालच्या पत्र्यावर आधी धरला. पुढच्या नमुन्यांत टाका तसाच राहिला आणि भोवतालचा पत्रा फाटला. “आता गाडीला हात लाव,” मामा म्हणाले आणि जेवायला गेले.

रविवार, २२ डिसेंबर

डावा रनिंग बोर्ड. बॅटरीचा मायनस काढला, ईसीयूचा (इंजिनच्या संगणकाचा) प्लगही. अर्थ क्लॅम्प कामापासून वितीच्या अंतरावर, उघड्या चकचकीत पत्र्यावर. दाराच्या पलीकडे कुठेतरी लावला तर करंट बेअरिंग नाहीतर वायरिंगमधून वाट काढतो. तळाखालून पेट्रोलची आणि ब्रेकची नळी जाते, ती सोडवून बाजूला बांधली. डांबरी पॅड जोडापासून चांगला लांबपर्यंत खरवडला, त्याला आग लागते ती दिसेपर्यंत धूर गाडीभर होतो. पाण्याची बादली, ओलं गोणपाट, आणि बघत बसायला धाकटा भाऊ. काम संपल्यावरही अर्धा तास त्याला तिथेच बसवला.

पत्रा पुसायला ब्रेक क्लीनर वापरायचा नाही. क्लोरिनवाला असेल तर आर्कखाली त्याचा फॉस्जीन होतो, विषारी वायू. थिनर वापरला, पूर्ण उडून गेल्यावरच आर्क.

जॅकच्या जागेला १.६ मिलिमीटरचा तुकडा आतून दिला. तिथे ७० अँपिअरपर्यंत गेलो. एमसीबी ढिम्म.

रविवार, ५ जानेवारी २०२५

तळपत्रा बसला. तुकडा पुठ्ठ्यावर आखून कापला, मूळ पत्र्यावरच्या पन्हळी लाकडी ठोकळ्यावर हातोडीने उठवल्या. जिथे मागे तांब्याची पट्टी पोचत होती तिथे कडेला कड, बाकी ठिकाणी थोडा चढवून. टाके एका ओळीत मारले नाहीत. एक पुढे, एक मागे, एक समोर, मग त्यांच्या मधोमध. हात लावून गरम वाटलं की थांबायचं. असं फिरत फिरत शेवटी सगळे टाके एकमेकांना भिडले. पत्रा किंचितही फुगला नाही. एका दमात ओढला असता तर ढोलकीसारखा वाजला असता.

मग ग्राइंडर, झिंक प्रायमर, जोडांवर सीम सीलर, खालून अंडरकोट. काचेचं रबरही बदललं. ते केलं नसतं तर दोन पावसाळ्यांनी पुन्हा हीच नोंद लिहायची पाळी आली असती.

रविवार, १२ जानेवारी

मशीनला रॉडवर टाकून फाटकाची बिजागरी आणि घडवंचीचा पाय. ६०१३ चा अडीच मिलिमीटरचा रॉड, ८० अँपिअर. गंजलेल्या, रंगाने माखलेल्या जुन्या लोखंडावर रॉडच बरा, मिगला एवढी घाण सोसत नाही. बुलेटचं ब्रॅकेट मात्र घासून पुसून मिगवर केलं, ११० अँपिअरला. भिंतीतून १५-१६ अँपिअर गेले, सॉकेट कोमट.

बाबांनी घडवंचीवर दोन पोती तांदूळ ठेवून खात्री केली.

रविवार, १९ जानेवारी

क्लच कव्हर रबाळेच्या एका आर्गॉनवाल्याकडे दिलं होतं, एसी टिगवर करून मिळालं. घेतले ३०० रुपये. वर्षाला असं एखादं काम निघतं. तेवढ्यासाठी एसी मशीन, दुसरा सिलिंडर आणि शिकायचा वेळ या तिन्हींचा हिशेब बसत नाही. मशीनबरोबर आलेली टिगची टॉर्च पिशवीतच आहे.

वायरीचं रीळ मशीनमधून काढून झाकणाच्या डब्यात सिलिकाच्या पुड्यांसकट ठेवलं. या हवेत तांब्याचा मुलामा असूनही वायरीवर गंजाचे ठिपके येतात. मग ती लायनरमध्ये (टॉर्चच्या केबलमधल्या नळीत) अडकते आणि दोष मशीनला लागतो. रॉडचा फोडलेला पुडाही त्याच डब्यात.

सिलिंडरचा काटा १४० वरून ९५ बारवर आलाय. ४५० लिटर गेला, म्हणजे आर्कची पाऊण तासाच्या आसपास वेळ, सगळा सराव धरून. मागच्या दोन्ही चाकांच्या कमानी मेच्या आत करायच्या आहेत. उजवीकडची आतून सुटली आहे, डावीकडे फक्त कडेला फोड आलेत. उरलेल्या गॅसमध्ये दोन्ही निघतील. पत्रा २० गेजचाच, सेटिंग १५.५ आणि अडीच मीटर.